शंका-समाधान: त्याच गाण्यांचा लाइव्ह अल्बम कशाला?

शंका : डीप पर्पल या रॉक बँडचा ‘मशीन हेड’ माझ्याकडे आहे. मग पुन्हा त्यांचा लाइव्ह अल्बम ‘मेड इन जपान’ घेण्यात काय हशील?

समाधान : जरूर घ्या. ‘मेड इन जपान’मधल्या सातपैकी चार गाणी ‘मशीन हेड’मधली आहेत हे खरं, पण ती इथे स्टुडिओतल्यासारखी राहिलेली नाहीत. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांत आटोपतं. इथे ते जवळजवळ 20 मिनिटं चालतं आणि एलपीची चौथी बाजू एकटंच व्यापतं. त्यातला रिची ब्लॅकमोरचा संथ भाग कान देऊन ऐका. गिटारवरचं आवाजाचं बटण फिरवत तो सूर असे उमलवतो, की तारेवरचा आघात ऐकूच येत नाही. चेलो वाजतोय असं वाटतं. जॉन लॉर्डने तर हॅमंड ऑर्गन मार्शल अॅम्प्लिफायरला जोडलेला, त्यामुळे तोही गिटारइतकाच गुरगुरतो. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये ब्लॅकमोरची गिटार आणि इयन गिलनचा गळा यांचे सवाल-जवाब रंगतात. गाणं पाठ असलं तरी पुढच्या क्षणी काय होईल ते सांगता येत नाही, आणि लाइव्ह अल्बम ऐकायचा तो याचसाठी.

शंका : लाइव्ह अल्बममध्ये मागाहून स्टुडिओत दुरुस्त्या करतात म्हणे. यातही केल्या आहेत का?

समाधान : पुष्कळ अल्बममध्ये करतात, यात नाहीत. 15 आणि 16 ऑगस्ट 1972 ला ओसाकात आणि 17 ला टोकियोच्या बुदोकानमध्ये मार्टिन बर्चने आठ ट्रॅकच्या यंत्रावर हे ध्वनिमुद्रण केलं. पुढे बँडमधल्याच रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी त्याचं मिक्सिंग केलं. तीन रात्रींतून गाणी निवडली, पण कुठे नवा सूर भरला नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ पहिल्या रात्रीचं, ‘लेझी’ आणि ‘द म्यूल’ टोकियोतली, बाकीची चार ओसाकातल्या दुसऱ्या रात्रीची. चुकलं तर सावरायची सोय नाही हे माहीत असूनही ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गिलन आवाज ज्या उंचीवर नेतो, त्याला माझ्या लेखी तोड नाही.

शंका : 1993 मध्ये निघालेला तीन सीडींचा संच आधी घ्यावा की मूळ अल्बम?

समाधान : आधी मूळ अल्बम. तो मनात मुरला, की मग ‘लाइव्ह इन जपान’ नावाचा तो संच घ्या. एकच गाणं वेगवेगळ्या रात्रींचं लागोपाठ लावा आणि फक्त पेसच्या ड्रमकडे लक्ष ठेवा. बाकीचे कुठे वळणार याचा अंदाज घेत तो ताल कसा राखतो ते कळेल, आणि मूळ अल्बमसाठी अमुकच रात्र का निवडली याचा कौल तुमचा तुम्हालाच देता येईल.