गेममधला प्रतिकार आणि खरा प्रतिकार

रात्री दोननंतर हॉस्टेलच्या ज्या खोल्यांत दिवे चालू असतात, तिथे सगळेच काही सबमिशन लिहीत नसतात. निम्मे तरी वीर युरोप जिंकत असतात! मीही त्यातलाच. दुसऱ्या महायुद्धावरच्या स्ट्रॅटेजी गेम्समध्ये 'हार्ट्स ऑफ आयर्न' या मालिकेचा नंबर फार वरचा. तिचा चौथा गेम २०१६ साली आला. रणगाडे, तेल, कारखाने, रायफली, सगळ्याचा हिशोब इतका बारीक की अकाउंटंटलाही घाम फुटावा. पण मला लिहायचंय ते देश जिंकून झाल्यावर काय होतं त्याबद्दल.

फेब्रुवारी २०२० मध्ये या गेमला 'ला रेझिस्टन्स' ही भर मिळाली आणि ताब्यातल्या मुलखाचा कारभारच बदलला. आता जिंकलेल्या प्रत्येक प्रांताला दोन आकडे चिकटतात. एक लोकांच्या प्रतिकाराचा, दुसरा त्यांनी तुमची सत्ता किती मुकाट मान्य केली त्याचा. पहिला चढला की कारखान्यांत मोडतोड होते, बंदोबस्ताचे सैनिक मरतात, रायफली कमी होतात. ओरबाडणारा कायदा लावला तर माल लगेच जास्त मिळतो, पण दुसरा आकडा रेंगाळतो. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना हा फीडबॅक लूप सांगायला नको.

आणि हा लूप खोटा नाही. १६ फेब्रुवारी १९४३ रोजी फ्रान्सच्या व्हिशी सरकारने तरुणांना जर्मनीत कामाला पाठवायची सक्ती केली. आधी पाळी आली १९२० ते १९२२ मध्ये जन्मलेल्यांची, म्हणजे तेव्हा साधारण आपल्याच वयाच्या पोरांची. त्यातली हजारो पोरं रानात, डोंगरात पळाली आणि 'माकी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांना माणसं मिळाली. जर्मनीला हवे होते कामगार, वाट्याला आले गनीम. इथवर गेम बनवणाऱ्यांना पैकीच्या पैकी मार्क.

गडबड पुढे आहे. गेममध्ये मोडतोड ही शक्यतेवर चालते, जणू फासे टाकलेत. टक्केवारी वाढली की कुठलातरी कारखाना बिघडतो. प्रत्यक्षात काय घडायचं ते बघायला नॉर्वेतल्या व्हेमॉर्कला जाऊ. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाला जोडून जड पाण्याचं उत्पादन व्हायचं आणि जर्मन शास्त्रज्ञांना ते अणुभट्टीच्या प्रयोगांसाठी हवं होतं. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ नॉर्वेजियन तरुण बर्फाने भरलेली दरी उतरून, पलीकडचा कडा चढून, रेल्वेच्या रुळांवरून आत शिरले. झुलत्या पुलावर पहारा होता, म्हणून पूल टाळला. त्यांचा म्होरक्या योआकिम रोन्नेबर्ग २३ वर्षांचा होता. त्यांनी आख्खा कारखाना उडवला नाही. तळघरातल्या नेमक्या त्या इलेक्ट्रोलिसिसच्या सेल्सना स्फोटकं लावली, सुमारे ५०० किलो जड पाणी गटारात गेलं, आणि एकही गोळी न झाडता सगळे बाहेर पडले. कुठे काय आहे हे त्यांना आधीच पाठ होतं, कारण तो प्रकल्प उभारण्यात वाटा असलेले प्राध्यापक लाइफ ट्रॉनस्टाड इंग्लंडला पोहोचले होते. (प्राध्यापकांच्या नोट्सचा याहून चांगला उपयोग माझ्या ऐकिवात नाही!)

पण खरा प्रश्न पुढच्या वर्षी आला. काही महिन्यांतच उत्पादन परत सुरू झालं होतं. मग विमानांनी बॉम्बहल्ले केले आणि जर्मनांनी उरलेलं जड पाणी जर्मनीला न्यायचं ठरवलं. वाटेत टिन सरोवर, त्यावर रेल्वेचे डबे नेणारी फेरीबोट 'हायड्रो'. बोट बुडवायची तर त्यात साधे प्रवासीही असणार, गावातलेच, ओळखीचे. स्थानिक लोकांनी लंडनला विचारलं की एवढी किंमत मोजणं गरजेचं आहे का. लंडनचं उत्तर होतं, हो. प्रवासी कमी असतात म्हणून रविवार निवडला. क्नुट हाउकेलिडने बोटीच्या नाकाडात स्फोटकं दडवली. पाणी सर्वांत खोल असेल त्या ठिकाणी ती फुटावीत म्हणून घड्याळाचं गजर-यंत्र वापरून वेळ बांधली. २० फेब्रुवारी १९४४ ला बोट बुडाली. १४ नॉर्वेजियन नागरिक आणि ४ जर्मन मेले.

गेममध्ये या १४ जणांना जागाच नाही. तिथे प्रतिकार म्हणजे हवामानासारखी चढणारी-उतरणारी टक्केवारी. बोट बुडवायची का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही, कारण त्या आकड्यामागे विचार करणारा माणूसच नाही. तसंच सूडाचंही. हायड्रिखवर प्रागमध्ये हल्ला झाला २७ मे १९४२ ला, तो मेला ४ जूनला, आणि १० जूनला लिडित्से हे गाव पुसून टाकलं गेलं. तिथेच १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. प्रत्येक भूमिगत गटाला हल्ल्याआधी हा हिशोब मनात करावा लागे.

शिवाय सगळा प्रतिकार एकाच पट्टीत मोजला जातो. ग्रीसमध्ये २५ नोव्हेंबर १९४२ ला ईलास आणि ईडेस या दोन गटांनी ब्रिटिशांबरोबर गोर्गोपोटामोसचा रेल्वेपूल उडवला. वर्षभरात तेच दोन गट एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते.

आपल्याकडचंही एक सांगतो. १९४३ ते १९४६ या काळात सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, आणि जून १९४३ मध्ये तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली. गेममधला प्रतिकाराचा आकडा मात्र परक्याने व्यापलेल्या मुलखातच मोजला जातो. हिंदुस्थान तिथे ब्रिटनच्या अधीन असलेला वेगळा देश म्हणून दाखवलाय. म्हणजे त्या सूत्रानुसार सातारा एकदम शांत!

उलट्या बाजूने केलेला एक गेमही आहे, २०२० मधलाच 'थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स'. त्यात तुम्ही बर्लिनमधला एक छोटासा गट चालवता, १९३३ पासून, आठवड्याला एक खेळी. पत्रकं छापायची तर आधी कागद मिळवा. पैसे कमी, माणसं घाबरलेली. युद्ध काही तुम्ही थांबवू शकत नाही. आमच्या विंगमध्ये हा कुणाला फारसा आवडला नाही, 'जिंकताच येत नाही यार' म्हणून. मला आवडला.

थर्ड इयरच्या कुणाला मिनी प्रोजेक्टला विषय मिळत नसेल तर माझ्याकडे एक आहे. टक्केवारी सोडा, ग्राफ घ्या. माणसं हे नोड, कोण कुणाला ओळखतो त्या कडा, आणि एक नोड पकडला गेला तर काय काय उघडं पडतं ते काढा. त्यात खोटा संदेशही घाला. मार्च १९४२ मध्ये हॉलंडमध्ये हुब लाउवर्स हा वायरलेस ऑपरेटर पकडला गेला. जर्मनांनी बळजबरीने पाठवायला लावलेल्या संदेशांत त्याने ठरलेली सुरक्षा-खूण मुद्दाम गाळली. लंडनने तिकडे लक्षच दिलं नाही आणि पुढे पन्नासहून अधिक एजंट पॅराशूटने थेट जर्मनांच्या हातात पडले. पॅरिटी चेक फेल झालाय आणि रिसीव्हर फ्रेम स्वीकारतोच आहे, अशी ती केस. कम्युनिकेशनवाल्या एखाद्या पार्टनरला सोबत घेतलं तर एका सेमिस्टरमध्ये बसेल.