नेत्रविश्रांती आणि चष्मा

चि. सुधाकर,

तुझे पत्र पावले. डॉ. बेट्स यांचा ग्रंथ वाचून तू चष्मा काढून ठेवला आहेस व केवळ नेत्रविश्रांतीने नंबर घालवण्याचा निश्चय केला आहेस, ही हकीकत वाचून मला काळजी वाटली, म्हणून थोडा सविस्तर खुलासा करतो.

विल्यम होराशियो बेट्स हे न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य. मन व डोळे यांवरील ताणामुळे नेत्रगोलाबाहेरचे स्नायू त्या गोलाचा आकार बिघडवतात, आणि तो ताण सुटला की चष्म्याची गरजच उरत नाही, असे प्रतिपादन त्यांनी १९२० साली ग्रंथरूपाने केले. बालवयापासून नव्हे, पण ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर दृष्टी अधू झालेल्या ऑल्डस हक्सले यांच्यासारख्या विद्वानाने १९४२ साली पुस्तक लिहून त्या पद्धतीची भलावण केली. परंतु जवळचे पाहताना बाहेरचे स्नायू गोलाचा आकार बदलत नाहीत; बदलते ते नेत्रगोलाच्या आतील भिंग. पूर्वी मोतीबिंदूबरोबर ज्यांचे भिंग काढले जाई, त्यांचे बाहेरचे सर्व स्नायू शाबूत असूनही त्यांना वाचनासाठी वेगळा, अधिक नंबराचा चष्मा घ्यावा लागे, हा दाखला या वादाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे.

तुझा दोष लघुदृष्टीचा. त्यात बहुधा नेत्रगोलच लांब वाढलेला असतो. एका मिलिमीटरच्या वाढीने सुमारे अडीच ते तीन नंबर चढतो, आणि वाढलेली ती लांबी विश्रांतीने आखडत नाही. मग काहींना डोळे तपासण्याच्या फलकावरील एखादी ओळ अधिक दिसू लागते ती कशी? कोणी नकळत डोळे बारीक करतो, कोणाला अक्षरे पाठ झालेली असतात, तर अतिवाचनाने ज्याच्या डोळ्यातील स्नायू आखडून राहिला आहे अशा एखाद्याला विश्रांतीने खरोखरच उतार पडतो. यांपैकी आपण कोणत्या वर्गातले, हे औषध घालून केलेल्या तपासणीनेच ठरते. स्वतःच्या अनुभवावरून ठरवू नये.

तरीही विश्रांती त्याज्य आहे असे मुळीच नाही. वाचताना वीसेक मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाकडे पाहावे, म्हणजे आतील स्नायू सैल पडतो. पापण्या मुद्दाम मिटाव्यात, कारण पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये गढलेला माणूस त्या मिटण्यास विसरतो आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. कोपरे मेजावर टेकून, तळव्यांची ओंजळ मिटलेल्या डोळ्यांवर अशी धरावी की अंधार व्हावा, पण नेत्रगोलावर तिळमात्र दाब येऊ नये. या उपायांनी शीण निश्चित हरतो. धाकट्या भावंडांना मात्र रोज उजेडी मैदानात खेळू दे. ज्या मुलांचा वेळ घराबाहेर जातो त्यांच्यात लघुदृष्टी कमी उद्भवते, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे.

एका गोष्टीची मात्र सक्त ताकीद देतो. बेट्स यांनी सूर्याकडे पाहण्यासही उत्तेजन दिले आहे. तो प्रयोग चुकूनही करू नकोस. सूर्यकिरणांनी दृष्टिपटल भाजते, त्या वेळी वेदना होत नाहीत, आणि झालेली हानी कायमचीही ठरू शकते.

शीण घालवणे हे विश्रांतीचे काम, नंबर सांभाळणे हे चष्म्याचे; दोघांना आपापल्या कामावर राहू दे. उद्यापासून चष्मा लाव, रस्ता ओलांडताना तर अवश्य लाव, आणि या महिन्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून मला कळव.

हे आशीर्वाद.
तुझा काका