लांबच्या प्रवासाची सायकल

सायकल बांधून घ्यायची म्हटलं की सगळे वजन विचारतात. मी आधी विचारतो, वाटेत मोडली तर दुरुस्त कोण करणार?

एस-एन कर्व्ह आठवा. स्टीलला एन्ड्युरन्स लिमिट असते, अ‍ॅल्युमिनिअमला तशी ठाम नसते. स्टीलची फ्रेम तडकली तर तालुक्याचा वेल्डिंगवालाही घरी पोचण्यापुरता जोड देतो. ६०६१ अ‍ॅल्युमिनिअमला मात्र वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट लागते, नाहीतर जोडाजवळची ताकद घटते.

सामानाचा भार मागच्या चाकावर, म्हणून तिथे ३६ स्पोक घ्या. एखादा तुटला तरी पुढचं गाव गाठता येतं.

टायर नुसत्या इंचांवर घेऊ नका. २६ इंची एमटीबीचा रिम ५५९ मिमीचा, तर २६ × १ ३/८ चा ५९० मिमीचा. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही! तेव्हा टायरवरचा मिलिमीटरचा आकडा आधी वहीत लिहा, मगच घाटाची स्वप्ने बघा.