जैव डिझेलची धुलाई : दोष कोठे शोधावा?

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक छोटे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. वनस्पती तेलावर इंजिन चालते, ही गोष्ट तेव्हापासून ज्ञात आहे. परंतु तेल डिझेलच्या मानाने सुमारे दहापट दाट असल्यामुळे ते नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर पडत नाही, अर्धवट जळते आणि इंजिनात काजळी व चिकटा साचतो. यावर उपाय म्हणून तेलाची अल्कोहोलशी रासायनिक क्रिया घडवून त्याचा दाटपणा कमी करण्याची पद्धत पुढे आली. बेल्जियममधील शास्त्रज्ञ जी. शाव्हान यांनी १९३७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. आज ज्याला आपण जैव डिझेल म्हणतो, ते हेच इंधन होय.

आपल्या देशात २०१८ च्या राष्ट्रीय जैव इंधन धोरणाने डिझेलमध्ये ५ टक्के जैव डिझेल मिसळण्याचे लक्ष्य २०३० सालापर्यंत गाठण्याचे ठरविले आहे. खाद्यतेल वारंवार तापविल्याने त्यात निर्माण होणाऱ्या अपायकारक घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल अन्नासाठी वापरू नये, असा नियमही १ जुलै २०१८ पासून अंमलात आला. खानावळी, उपाहारगृहे आणि फरसाणाचे कारखाने यांतून निघणाऱ्या अशा तेलाचा सदुपयोग जैव डिझेलसाठी होऊ शकतो. यास्तव महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून, तसेच हौशी व होतकरू तंत्रज्ञांकडून थोड्या प्रमाणावर जैव डिझेल तयार करण्याचे प्रयत्न होत असतात. या प्रयत्नांत बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ते ठिकाण म्हणजे तयार झालेले इंधन पाण्याने धुणे.

धुण्याचे प्रयोजन

दहा लिटर तेलास साधारणतः दोन लिटर मेथॅनॉल व मोजून घेतलेला कॉस्टिक सोडा लागतो. हे मिश्रण सुमारे ५५ अंश सेल्सिअस तापमानात तासभर ढवळले की तेलाचे जैव डिझेल व ग्लिसरीन असे दोन भाग होतात. ग्लिसरीन जड असल्याने तळाशी बसते व ते तोटीवाटे काढून टाकता येते. वर राहिलेल्या इंधनात मात्र थोडा साबण, उरलेला कॉस्टिक सोडा, मेथॅनॉल आणि ग्लिसरीनचा अंश असतो. हे चारही पदार्थ पाण्यात विरघळतात, म्हणून इंधन पाण्याने धुवावयाचे असते.

येथेच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावयास हवी. पाणी केवळ पाण्यात विरघळणारेच पदार्थ काढू शकते. ज्या तेलाची क्रिया झालीच नाही ते तेल, अथवा जे अर्धवट रूपांतरित झाले ते मोनोग्लिसराइड व डायग्लिसराइड, कितीही वेळा धुतले तरी निघत नाहीत. उलट हे अर्धवट पदार्थ तेल व पाणी यांना एकमेकांत धरून ठेवतात. साबणही तेच काम करतो. परिणामी पिंपात तेल व पाणी यांचा दुधासारखा किंवा लोण्यासारखा पांढरा गोळा तयार होतो. त्यास शास्त्रीय परिभाषेत पायस म्हणतात. पायस धुताना दिसत असले, तरी त्याचे कारण बहुधा आदल्या दिवशीच्या क्रियेत दडलेले असते.

धुण्यापूर्वीची परीक्षा

संपूर्ण पिंपात पाणी ओतण्यापूर्वी अर्ध्या लिटरच्या बाटलीत परीक्षा करून पाहणे शहाणपणाचे ठरते. ग्लिसरीन काढून टाकलेले इंधन दीडशे मिलिलिटर व तितकेच कोमट पाणी बाटलीत घेऊन बूच घट्ट लावावे व दहा सेकंद जोराने हलवावे. बाटली स्थिर ठेवल्यावर काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, वर पिवळसर इंधन व खाली दुधी पाणी असे दोन स्वच्छ थर दिसले, तर इंधन धुण्यास योग्य आहे असे समजावे. खालचे पाणी पांढरट असण्यात वावगे काही नाही. परंतु सर्व मिश्रण ताकासारखे एकजीव होऊन तसेच राहिले, तर पिंपात पाणी घालू नये.

हा दोष साबणाचा की अपुऱ्या क्रियेचा, हे दुसऱ्या परीक्षेने कळते. तीन मिलिलिटर इंधन सत्तावीस मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये घालून हलवावे. तापमान २० अंशांच्या खाली असू नये. जैव डिझेल मेथॅनॉलमध्ये पूर्णपणे विरघळते, तेल मात्र विरघळत नाही. तळाशी तेलाचे थेंब साचले, तर क्रिया अपुरी राहिली आहे हे निश्चित. द्रावण स्वच्छ राहिले आणि तरीही बाटलीत पायस झाले असेल, तर दोष बहुधा साबणाचा असतो. डायग्लिसराइड व मोनोग्लिसराइड या परीक्षेत बरेचसे निसटतात. म्हणून दोन्ही परीक्षांचा एकत्रित विचार करावा.

साबण कोठून येतो?

वारंवार तापविलेल्या तेलात मुक्त वसाम्ले असतात. कॉस्टिक सोडा प्रथम त्यांच्याशीच संयोग पावतो व त्यांचा साबण होतो. वसाम्लांत खर्ची पडलेल्या प्रत्येक ग्रॅम कॉस्टिक सोड्यापासून सुमारे साडेसात ग्रॅम साबण तयार होतो, हे पाहिले म्हणजे मोजमापातील चूक किती महाग पडते, याची कल्पना येईल. तेलात पाण्याचा अंश असल्यास साबणात आणखी भर पडते.

यासाठी प्रत्येक खेपेच्या तेलाचे अनुमापन करणे आवश्यक आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून द्रावण करावे. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत आणि टिकाऊ गुलाबी रंग येईपर्यंत वरील द्रावण थेंबाथेंबाने घालावे. जितके मिलिलिटर द्रावण लागेल, तितके ग्रॅम कॉस्टिक सोडा दर लिटर तेलामागे नेहमीच्या साडेतीन ग्रॅममध्ये मिळवावा. उदाहरणार्थ, दोन मिलिलिटर द्रावण लागले तर दर लिटरला साडेपाच ग्रॅम, म्हणजे वीस लिटर तेलास ११० ग्रॅम. हा आकडा चारच्या पुढे गेला, तर तेलात मुक्त वसाम्लांचे प्रमाण ३ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. असे तेल चांगल्या तेलात मिसळून घ्यावे, अथवा प्रथम आम्लाच्या साहाय्याने त्यातील वसाम्ले कमी करण्याची दुहेरी पद्धत अवलंबावी. करंजाच्या तेलाच्या बाबतीत ही खबरदारी अनेकदा घ्यावी लागते.

उलट दिशेनेही चूक होऊ शकते. उघडा राहिलेला कॉस्टिक सोडा हवेतील ओलावा व कर्बद्विप्राणिद शोषून घेतो आणि त्याचा जोर कमी होतो. वजन बरोबर भरते, क्रिया मात्र अपुरी राहते. सबब, तो हवाबंद डब्यात ठेवावा व तेल आधी तापवून कोरडे करून, थंड झाल्यावरच क्रियेस घ्यावे.

धुताना दिसणारी लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे संपूर्ण पिंपभर पायस होणे. अशा वेळी अधिक ढवळू नये. पिंप बाहेरून गरम पाण्याने ५० अंशांपर्यंत तापवावे व रात्रभर स्थिर ठेवावे. न धुतलेल्या इंधनात मेथॅनॉलचा अंश असल्याने उघडी ज्योत जवळपास असता कामा नये. एवढ्याने थर वेगळे न झाल्यास मिठाचे कोमट पाणी हळुवारपणे घालावे. अगदी शेवटचा उपाय म्हणून थोडे सौम्य आम्ल वापरले जाते. आम्लाने साबण फुटतो खरा, परंतु त्यातील वसाम्ले पुन्हा इंधनातच जातात व इंधनाचा आम्लांक वाढतो. थर वेगळे झाले म्हणजे इंधन बरे झाले असे मुळीच नव्हे. ते कोरडे करून मेथॅनॉलची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि तेल शिल्लक असल्यास थोडे मेथॅनॉल व कॉस्टिक सोडा घेऊन क्रिया दुसऱ्यांदा करावी.

दुसरे लक्षण, इंधन व पाणी यांच्या सीमेवर पांढऱ्या जाळीसारखा थर टिकून राहणे. हा थर साबणाचा असतो. विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर त्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. पहिल्या धुलाईस तरी पावसाचे किंवा मृदू पाणी वापरावे आणि हा थर वेगळा काढून ठेवावा.

तिसरे लक्षण, चार-पाच वेळा धुऊनही पाणी दुधी येणे. ग्लिसरीन पुरते निथळू न देता धुण्याची घाई केली, की असे घडते. ग्लिसरीन निथळण्यास किमान एक रात्र द्यावी. पहिल्या धुलाईत पाणी झारीच्या तुषाराप्रमाणे वरून सोडावे व ढवळू नये. पुढील धुलायांत हळूहळू ढवळण्यास हरकत नाही. दर वेळी इंधनाच्या एकतृतीयांश ते निम्मे पाणी पुरते. निघालेले पाणी स्वच्छ दिसू लागले व त्याचा सामू घातलेल्या पाण्याइतकाच आला, की धुलाई पुरी झाली.

हवेचे बुडबुडे सोडून धुण्याची पद्धत सोपी म्हणून लोकप्रिय आहे. परंतु ती इतकी सौम्य आहे की सदोष इंधनही तीतून निर्वेधपणे पार पडते आणि दोष झाकला जातो. शिवाय बराच काळ हवा खेळविल्याने इंधन प्राणवायूशी संयोग पावून खराब होते. म्हणून ही पद्धत वापरणाऱ्यांनी बाटलीची परीक्षा कधीही टाळू नये.

चौथे लक्षण, धुतलेले इंधन गढूळ दिसणे. त्यात पाण्याचा सूक्ष्म अंश राहिलेला असतो. इंधन उघड्या भांड्यात ५० अंशांपर्यंत गरम करून खेळते ठेवले की पाणी उडून जाते. थंड झाल्यावर काचेच्या भांड्यापलीकडील वर्तमानपत्राची अक्षरे स्वच्छ वाचता आली पाहिजेत. पामतेलापासून केलेले इंधन थंडीत १५ अंशांच्या आसपास पाण्याविनाही गढूळ होते. संशय असल्यास तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकावा. तो तडतडला तर पाणी शिल्लक आहे.

स्वच्छ दिसणे हा पुरावा नव्हे

भारतीय मानक १५६०७ नुसार जैव डिझेलमध्ये पाण्याचा अंश दर किलोग्रॅमला ५०० मिलिग्रॅमपेक्षा, मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांपेक्षा व एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. यातील एकूण ग्लिसरीनमध्ये अर्धवट राहिलेल्या तेलाचाही हिशेब असतो. धुलाई व त्यानंतरचे कोरडे करणे यांनी पहिले दोन आकडे सुधारता येतात. तिसरा मात्र क्रिया पूर्ण झाल्याविना सुधारत नाही. मीठ, आम्ल किंवा बुडबुडे यांच्या युक्तीने कसेबसे धुतलेले सदोष इंधन काचेत सोन्यासारखे चमकते, परंतु इंजिनात गेल्यावर नोझलवर काजळी धरते, गाळणी तुंबविते आणि ऐन हंगामात शेतातील पंप बंद पाडते. इंधनात वाचविलेल्या पैशापेक्षा दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

सुरक्षितता व नियम

मेथॅनॉल विषारी असून ते श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात जाते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. कॉस्टिक सोड्याने डोळे व त्वचा भाजते. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांविना हे काम कोणी करू नये व मुलांना जवळ येऊ देऊ नये. ॲल्युमिनियम अथवा जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वापरू नयेत. धुलाईचे पाणी साबण, सोडा व मेथॅनॉलयुक्त असते. ते नाला, विहीर किंवा शेततळे यांत सोडल्यास पाण्यातील प्राणवायू घटून जलचरांची हानी होते. त्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रणाच्या नियमांनुसारच लावावी. मेथॅनॉलची खरेदी व साठा ही आपल्या राज्यात परवान्याची बाब आहे. तसेच, केंद्र शासनाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगीविना जैव डिझेलची किरकोळ विक्री करता येत नाही.

जैव डिझेलच्या निर्मितीत धुलाई हे अखेरचे सोपस्कार नसून ती एक कसोटीही आहे. पाणी व इंधन झटकन विलग झाले तर आधीचे काम नीट झाले, असा त्याचा बहुधा अर्थ. ते एकमेकांना धरून राहिले तर अनुमापन, वजन, तापमान आणि ढवळण्याचा अवधी या क्रमाने मागे जाऊन चूक शोधावी. पिंपातील पांढरा गोळा मोडण्याची घाई करण्यापूर्वी तो कशामुळे झाला हे शोधणारा तंत्रज्ञ पुढच्या खेपेस ती चूक टाळतो. टाकाऊ तेलाचे खरेखुरे इंधन होते, ते अशाच काटेकोर कामातून.