अधिवास उसना मिळत नाही : जोडीदाराच्या अमेरिकी स्थलांतरातील दोन पुरावे

परदेशगमन आणि करारनामा यांचे नाते बडोद्याला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. तेथे जाणारा सही करीत होता. आज पती किंवा पत्नीला अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी न्यावयाचे असेल, तर महत्त्वाची सही नेणाऱ्याला करावी लागते, आणि तिचे उत्तरदायित्व दहा वर्षांत संपेलच असे नाही.

हा विषय एका बालरोगतज्ज्ञाने का हाताळावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. मुलांच्या लसीकरणाचे इंग्रजी प्रमाणपत्र मागण्यासाठी येणाऱ्या पालकांत अलीकडे एक विशिष्ट वर्ग दिसू लागला आहे. पती अमेरिकेत शिकलेला, तेथील नागरिकत्व घेतलेला, पुढे ओसीआय कार्डावर मायदेशी परतून येथे स्थिरावलेला. पत्नी भारतीय नागरिक. मुले बहुधा पित्यामुळे जन्मतःच अमेरिकन नागरिक. आता कुटुंबाने पुन्हा अमेरिकेस जाण्याचे ठरविले आहे. ‘मी नागरिक आहे, पत्नीला व्हिसा मिळणारच,’ या विश्वासाने मंडळी अर्ज करतात आणि मुलाखतीपर्यंत पोचल्यावर अडतात. अडचण विवाहाच्या पुराव्याची नसते. ती उत्पन्नाची, आणि त्याहून अधिक अधिवासाची असते. या दोन पुराव्यांचे स्वरूप समजावून देणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रतिज्ञापत्र नावाचा करार

नागरिकाच्या जोडीदारासाठी अमेरिकेत वार्षिक व्हिसासंख्येची मर्यादा नाही. प्रथम ‘आय-१३०’ ही विनंती मंजूर होते, प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तेथे कागदपत्रे पूर्ण झाली की भारतातील बहुतेक अर्जदारांची मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते. या वाटेवर प्रायोजकाला, म्हणजे बोलावणाऱ्या जोडीदाराला, ‘आय-८६४’ हे आर्थिक आधाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. नाव प्रतिज्ञापत्राचे असले तरी १९९६ च्या कायद्याने त्याला बंधनकारक कराराचे स्वरूप दिले आणि डिसेंबर १९९७ पासून ते लागू झाले. प्रायोजक किमान अठरा वर्षांचा, अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत अधिवास असलेला असावा, अशा त्याच्या मूलभूत अटी आहेत.

२. उत्पन्नाचा हिशेब

प्रायोजकाचे वार्षिक उत्पन्न फेडरल दारिद्र्य-मर्यादेच्या १२५ टक्के असावे लागते. सेनादलात सक्रिय सेवेत असलेल्या व्यक्तीने जोडीदारास किंवा अज्ञान अपत्यास बोलावले, तर १०० टक्के पुरतात. ही मर्यादा दरवर्षी बदलते आणि कुटुंबसंख्येवर अवलंबून असते. २०२५ सालच्या कोष्टकानुसार अलास्का व हवाई वगळता १२५ टक्क्यांची रक्कम दोघांसाठी २६,४३७ डॉलर, तिघांसाठी ३३,३१२ डॉलर आणि चौघांसाठी ४०,१८७ डॉलर होती.

कुटुंबसंख्या मोजताना पहिली चूक होते. मुले अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून ती मोजावयाची नाहीत, असा समज आढळतो. प्रायोजकाची एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले नागरिक असोत वा नसोत, मोजली जातात. तेव्हा पती, पत्नी व दोन मुले असतील तर संख्या चार.

दुसरी चूक उत्पन्नाच्या उगमाविषयी होते. बडोद्यातील रुग्णालयाचा पगार किंवा स्वतःच्या दवाखान्याची प्राप्ती कितीही मोठी असली, तरी कुटुंब अमेरिकेस गेल्यावर ती थांबणार असेल, तर हिशेबात धरता येत नाही. घरभाडे किंवा ठेवींवरील व्याज असे स्थलांतरानंतरही चालू राहणारे कायदेशीर उत्पन्न विचारात घेता येते. जाणाऱ्या पत्नीला तिकडे नोकरी मिळणार आहे, हे आश्वासनही उत्पन्न ठरत नाही. ती डॉक्टर असली तरी ईसीएफएमजी प्रमाणपत्र, यूएसएमएलई परीक्षा आणि निवासी प्रशिक्षण यांची लांब वाट आपणा सर्वांस ठाऊक आहेच.

तिसरा मुद्दा प्राप्तिकराचा. अमेरिकन नागरिकाने जगात कोठेही राहून मिळविलेले उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे असेल, तर अमेरिकेत करविवरण भरणे त्याला बंधनकारक असते. प्रत्यक्ष कर शून्य निघाला तरी विवरण चुकत नाही. ‘आय-८६४’ सोबत अगदी अलीकडच्या वर्षाचे फेडरल विवरण लागते. भारतात दरवर्षी निष्ठेने कर भरणाऱ्या अनेकांनी अमेरिकी विवरण मात्र भरलेले नसते. ते भरणे बंधनकारक होते असे दिसले, तर मागील विवरणे आधी भरावी लागतात आणि प्रकरण तेवढे लांबते.

३. उत्पन्न अपुरे असल्यास मालमत्ता

उत्पन्नातील तूट मालमत्तेने भरून काढता येते. नागरिकाने जोडीदारास बोलावले असेल, तर मालमत्तेचे निव्वळ मूल्य तुटीच्या तिप्पट असावे लागते. ग्रीन कार्डधारकाने बोलावले असेल तर पाचपट. समजा, वरील चौघांच्या कुटुंबात चालू राहणारे उत्पन्न २०,१८७ डॉलर आहे. तूट २०,००० डॉलरची. नागरिक प्रायोजकास ६०,००० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागेल, ग्रीन कार्डधारकास एक लाख डॉलरची. चालू राहणारे उत्पन्न मुळीच नसेल, तर नागरिकास लागणारी रक्कम १,२०,५६१ डॉलर होते.

व्हिसा मागणाऱ्या जोडीदाराची मालमत्ताही यात धरता येते, ही दिलासा देणारी बाब. परंतु ती एका वर्षाच्या आत, मोठे नुकसान न सोसता, रोखीत रूपांतरित होण्याजोगी असावी आणि तो पैसा देशाबाहेर नेता यावा. वाडीतील वडिलोपार्जित वाड्यात चार भावांचा हिस्सा असेल, तर त्याचे बाजारमूल्य कितीही असले तरी तो या कसोटीस क्वचितच उतरतो. उलट स्वतःच्या नावे असलेल्या बँकठेवी, म्युच्युअल फंड किंवा निर्वेध सदनिका यांचे मूल्य स्पष्ट दाखवता येते. भारतीय रहिवाशाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. अनिवासी व्यक्तीला एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. या तरतुदींचा उल्लेख चार्टर्ड अकाउंटंटच्या मूल्यांकन-पत्रात असणे उपयुक्त ठरते.

४. अधिवास म्हणजे काय

‘डोमिसाइल’ हा शब्द आपल्या पिढीला वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी परिचित झाला. मामलतदार कचेरीत अर्ज दिला, शाळेचे दाखले जोडले, की शिक्का मारलेला कागद हाती येई. अमेरिकी अधिवासाचा असा दाखला देणारी कचेरी नाही. जेथे आपले मुख्य निवासस्थान आहे आणि नजीकच्या भविष्यकाळात ते तेथेच ठेवण्याचा इरादा आहे, ते स्थान म्हणजे अधिवास. इरादा मनात असतो. अधिकाऱ्याला दिसते ते आचरण. अमेरिकी पासपोर्ट नागरिकत्व सिद्ध करतो, अधिवास नव्हे.

प्रायोजक भारतात राहत असेल तर त्याला दोन वाटा मोकळ्या असतात. पहिली, आपले परदेशातील वास्तव्य तात्पुरते आहे आणि अमेरिकेतील अधिवास तुटलेलाच नाही, हे दाखविणे. अमेरिकी शासनाच्या, मान्यताप्राप्त अमेरिकी संशोधन संस्थेच्या किंवा परदेशी व्यापार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नोकरीनिमित्त येथे आलेल्यांना हे सोपे जाते. इतरांना तिकडचे घर, चालू बँकखाते, नियमित करविवरणे, टपाली मतदान यांच्या आधारे ते दाखवावे लागते. पंधरा वर्षांपूर्वी सर्व आवरून परतलेल्या आणि येथे रुग्णालय उभारलेल्या डॉक्टराला ही वाट बहुधा बंद असते.

त्याच्यासाठी दुसरी वाट : जोडीदाराच्या प्रवेशाच्या दिवशी किंवा त्यापूर्वी आपण अमेरिकेत अधिवास पुन्हा प्रस्थापित करणार आहोत, हे ठोस कृतींनी सिद्ध करणे. बँकखाते उघडणे, भारतातून तेथे निधी हलविणे, भाडेकरार करणे, नोकरीसाठी अर्ज व मुलाखती, मिळाल्यास नेमणुकीचे पत्र, मुलांचा शाळाप्रवेश, सामान हलविणाऱ्या कंपनीचे दरपत्रक, येथील नोकरीचा राजीनामा किंवा दवाखाना दुसऱ्यास सोपविल्याचा करार, या सर्वांना पुराव्याचे मोल आहे. एकच कागद निर्णायक नसतो. सर्व कागदांनी मिळून एकच हकीकत सांगावी लागते. ‘आम्ही लवकरच जाणार आहोत,’ एवढे लिहिलेले पत्र पुरेसे होत नाही. येथे पाच वर्षांचा नवा व्यवसायकरार करणारा आणि तिकडे घर पाहिले नाही असे सांगणारा प्रायोजक स्वतःच्याच कागदांनी खोटा पडतो.

प्रायोजकाने आधी किंवा जोडीदारासोबत प्रवेश केला पाहिजे. ‘पत्नी व मुले पुढे जाऊ देत, मी दवाखाना आवरून वर्षभराने येतो,’ ही आपल्याकडे अत्यंत व्यवहार्य वाटणारी योजना नेमकी येथे मोडते. कार्डधारकाची अवस्था अधिक नाजूक असते. त्याच्या जोडीदारास वार्षिक संख्यामर्यादा लागू होते, आणि स्वतः वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याचा वास्तव्याचा दर्जाच धोक्यात येतो.

५. मुलांचे कागद

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. मुलांचा शाळाप्रवेश हा अधिवासाच्या इराद्याचा सहज पटणारा पुरावा आहे, आणि तो बहुधा लसीकरणाच्या नोंदीशी अडतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून गोवर-रुबेला लस आली. तिच्यात गालगुंडाचा अंश नाही. कांजिण्यांची लसही त्या कार्यक्रमात नाही. अमेरिकी शाळा सर्वसाधारणपणे गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या, दोन्ही मागतात. शिवाय नवव्या महिन्यात दिलेली मात्रा तेथे गणली जात नाही. पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतर दिलेल्या मात्राच धरल्या जातात. अशा जिवंत लसी एकाच दिवशी न दिल्यास त्यांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात नव्हे, तर अर्ज दाखल करतानाच मुलांचे कार्ड डॉक्टरांना दाखवावे. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की प्रमाणपत्रावर महिना अक्षरांत लिहावा. आपला ०४-०७ हा दिवस जुलैत येतो, त्यांचा एप्रिलमध्ये.

६. सह-प्रायोजकाची सही

उत्पन्न व मालमत्ता दोन्ही अपुरी पडल्यास सह-प्रायोजक घेता येतो. तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. नागरिक किंवा कार्डधारक, सज्ञान आणि अमेरिकेत अधिवास असलेला पुरे. न्यू जर्सीत चौघांचे कुटुंब असलेल्या दिरास फक्त येणाऱ्या भावजयीची भर घालून पाच जणांचा हिशेब द्यावा लागेल. २०२५ च्या कोष्टकात ती रक्कम ४७,०६२ डॉलर होती. एकट्याने ती पार केली की पैशाचा प्रश्न सुटतो. अधिवासाचा मात्र सुटत नाही. मूळ प्रायोजकाला स्वतःचा अधिवास सिद्ध करता आला नाही, तर सह-प्रायोजक कितीही धनाढ्य असला तरी प्रकरण उभे राहत नाही. पैसा उसना मिळतो, अधिवास मिळत नाही.

आणि दिराने सही करण्यापूर्वी तिचा अर्थ जाणून घ्यावा. हे उत्तरदायित्व पाच प्रसंगी संपते : आलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली, तिच्या खाती कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा झाल्या, तिने कायम वास्तव्याचा दर्जा सोडून देश सोडला, तिचा मृत्यू झाला, किंवा प्रायोजकाचा मृत्यू झाला. या यादीत घटस्फोट नाही. आधार न मिळाल्यास आलेली व्यक्ती स्वतः न्यायालयात दाद मागू शकते. विवाहपूर्व करार असतानाही हे बंधन टिकते, असा निर्णय २०१६ मध्ये नवव्या परिमंडळाच्या फेडरल अपील न्यायालयाने दिला आहे. प्रायोजकाने पत्ता बदलल्यास ३० दिवसांत शासनास कळविणेही आवश्यक असते; न कळविल्यास दंड होतो.

आपल्या लेकी-सुनांच्या दृष्टीने या तरतुदीस दुसरी बाजूही आहे. अपरिचित देशात संसार मोडला, तर हाच कागद त्या स्त्रीचा आधार होतो. म्हणून तिनेही ‘आय-८६४’ ची प्रत स्वतःजवळ ठेवावी. दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत ठेवणे हा उत्तम रुग्णनोंदीचा नियम येथेही लागू आहे.

समारोप

आकड्यांची अट पूर्ण झाली तरी अधिकारी वय, प्रकृती, कौटुंबिक स्थिती, आर्थिक स्थिती आणि शिक्षण यांचा एकत्रित विचार करतो, हे ध्यानी ठेवावे. कोष्टके बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचे कोष्टक पाहावे. करविवरणे थकलेली असतील किंवा पूर्वीचे प्रायोजन चालू असेल, तर जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. पण क्रम मात्र प्रत्येक कुटुंबाला घरीच लावता येतो. आधी करविवरणे, मग चालू राहणाऱ्या उत्पन्नाची व मालमत्तेची यादी, आणि त्याच वेळी अधिवासाच्या कृतींचा आरंभ. मुलाखतीची तारीख आल्यावर भाऊ एका रात्रीत सही करून देऊ शकेल. बँकखात्यातील व्यवहार, शाळेशी झालेला पत्रव्यवहार आणि भाड्याने घेतलेले घर एका रात्रीत उभे राहत नाही; त्याला वर्ष-सहा महिने आधीच हात घालावा लागतो. तसे केले, तर पती-पत्नी व मुले एकाच विमानाने जातील.