गिटारचं पॉलिश: तारीख देण्याआधी हवा बघा



घरी गिटार बनवून विकायची असेल तर एक लक्षात ठेवा. गिऱ्हाईक आवाज नंतर ऐकतं, आधी हात फिरवून बघतं. म्हणून व्हिडिओत दाखवलेलं रंग-पॉलिशचं काम इथे क्रमाने लिहितोय, आणि त्याचा हिशोबही.

आंबा घाट चढून कोल्हापूरच्या पुढे गेलं की मिरज. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांना पारंपरिक पॉलिश असतं ते लाखेचं: लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने पातळ थर चढवायचे. गिटारलाही हे चालतं. फरक एवढाच, की मिरजेपेक्षा आपल्याकडे पाऊस कितीतरी जास्त आणि हवा दमट.

कामाचा क्रम

१. घासणं: १२०, १८०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने हलके काढा.

२. डाग शोधणं: सांध्यातून बाहेर आलेला फेविकॉल राहिला तर तिथे रंग शिरत नाही, फिकट डाग दिसतो. ओलं फडकं फिरवतानाच तो ओळखू येतो. खरवडून काढा.

३. झाकणं: फ्रेटबोर्डला टेप लावा. ब्रिज चिकटवायची जागाही झाका, कारण गोंद कोऱ्या लाकडालाच नीट धरतो.

४. स्टेन: आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून बघा. मग गिटारला लावा आणि जास्तीचा लगेच पुसा. पूर्ण वाळू द्या.

५. सीलर: लाखेचा पातळ थर द्या. वाळला की ३२० ने अगदी हलकं घासा, नाहीतर खालचा रंग निघतो.

६. वरचे थर: पातळ, एकावर एक. अकूस्टिक गिटारच्या वरच्या फळीवर जाड थर दिला तर आवाज दबतो.

विरघळवलेली लाख काही महिन्यांत जुनी होते, मग ती कडक होत नाही. काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर फेकून द्या. स्पिरिटजवळ गॅस, बिडी काही नको. जवसाचं तेल वापरत असाल तर त्याची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

आता धंद्याचं

जुलैमध्ये गिऱ्हाईक म्हणतं, "गणपतीला पाहिजे हां." आपण खुशीत हो म्हणतो. पण पावसाची झड लागली की स्पिरिट उडताना हवेतली ओल थरावर बसते आणि पॉलिश पांढुरकं दिसतं. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरवला की बहुतेक वेळा ते जातं. पण तो कोरडा दिवस यायला हवा ना!

म्हणून हाताचे तास आणि थांबायचे दिवस वेगळे लिहा. समजा, फिनिशिंगला हाताचं काम ६ तास आहे, पण थर वाळायला धरून उन्हाळ्यात ८ दिवस जातात. पावसाळ्यात १५ धरा आणि तारीख त्यावरून द्या. त्या दिवसांत तुमची जागा आणि लाकडात घातलेले पैसे अडकून असतात, तेही किमतीत आलं पाहिजे.

दुसरा उपाय: एकाच वेळी ३ गिटार फिनिशिंगला घ्या. एक वाळतेय तोवर दुसरीवर हात चालतो. वाट बघायचे दिवस जवळपास तेवढेच, पण ते तिघींत वाटले जातात.

आणि गणपतीचा माल मेमध्येच पॉलिश करून ठेवा. आपल्याकडे लोक पापड-फेण्या पावसाआधी करतात, तेच इथे.

या आठवड्याचं काम: लाकडाचे ३ तुकडे घ्या, एकावर १, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर ३ थर द्या. प्रत्येक थर वाळायला किती वेळ लागला ते तारीख आणि हवामानासकट वहीत लिहा. तुमचा डिलिव्हरीचा वायदा त्या वहीतून येऊ द्या, गिऱ्हाइकाच्या घाईतून नको.