स्विचचे सगळे दिवे एकदम फडफडले तर

विरार पूर्वेला, फुलपाड्यात, पापडखिंड धरणाच्या बाजूच्या सोसायट्या, क्लास, दवाखाने इथं मी केबलिंगची कामं करतो. तक्रार ठरलेली: "नेट गेलं." पुष्कळदा नेट धडधाकट असतं, बिघाड आतल्या लॅनमध्ये असतो.

एका क्लासमध्ये साफसफाई करताना कुणीतरी टेबलाखाली लोंबणारी पॅच कॉर्ड स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचून दिली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं! बघता बघता संगणक अडखळले, प्रिंटर दिसेना, कॅमेऱ्यांची चित्रं गोठली. सर इंटरनेटवाल्याशी फोनवर भांडत होते. इकडे स्विचचे सगळे हिरवे दिवे एकाच लयीत भराभर फडफडत होते. असे दिवे दिसले की ब्रॉडकास्टचं वादळ समजावं.

एरवी ब्रॉडकास्टशिवाय, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेल्या संदेशाशिवाय, लॅनचं पान हलत नाही. संगणकाला प्रिंटर गाठायचा असेल तर तो आधी सगळ्यांना विचारतो, "१९२.१६८.१.२० कोण?" ही एआरपी. नवा मोबाइल आयपी मागतो तोही असाच, सगळ्यांना उद्देशून. असा संदेश, म्हणजे फ्रेम, ज्या पोर्टातून आली तो सोडून स्विच ती बाकी सगळीकडे पाठवतो. आयपी पॅकेटला टीटीएल (आयुष्याचा आकडा) असतो, दर राउटरला एकाने घटतो, शेवटी पॅकेट संपतं. इथरनेट फ्रेमला असलं आयुष्य लिहिलेलंच नसतं. केबलचं वर्तुळ झालं की ती फिरत राहते आणि दर फेरीला तिच्या नव्या प्रती निघतात. माइक कर्ण्यासमोर धरल्यावर जी किंचाळी उठते, तोच प्रकार.

अशा वेळी स्विच बंद-चालू करण्यात अर्थ नाही, वर्तुळ जागच्या जागी असतं. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती धरा.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसांत बोलून जादा वाट स्वतःच बंद ठेवतात. स्वस्तातल्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये हे बहुधा नसतं, म्हणून घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा. कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) द्या, एकीकडचा गोंधळ दुसरीकडे जात नाही.

लॅन बिघडायचं आणखी एक कारण. वाय-फायची रेंज वाढवायला घरातला जुना राउटर आणून लावायची हौस तर फारच. त्याचा डीएचसीपी चालू राहिला तर तोही आयपी वाटायला बसतो, मग काहींचं नेट चालतं, काहींचं नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. डीएचसीपी बंद करून मगच राउटर जोडा.